चिन्हांसकट

“तुम्हाला माहीतच आहे की,” एवढं बोलून मुलगी चपलेचा पट्टा लावायला खाली वाकली, आणि मी हातात कागद घेऊन दाराशी तसाच उभा राहिलो. कागद माझाच होता. आदली सगळी दुपार खर्चून मी त्यावर एक उत्तर लिहिलं होतं. मुलाखतीत ‘नर्स का झालात?’ हे विचारतातच, असं तिच्याबरोबर शिकलेल्या मुलींनी तिला सांगितलं होतं, आणि ही आपली “बघू, सुचेल ते सांगेन” म्हणत होती. मला राहवलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या वाक्यांतले काने-मात्रे तपासणाऱ्या माणसाला स्वतःचा एक परिच्छेद लिहायची संधी मिळाली, की तो ती सोडत नाही. बिचारीनं सकाळी चहा पिता पिता तो वाचला, माझ्या आग्रहाखातर दोनदा मोठ्यानं म्हणूनही दाखवला, आणि मग कप विसळताना म्हणाली, “छान आहे बाबा. पण हे तुमचं झालं. माझं कारण वेगळं आहे.” निघताना दाराशी मी विचारलं, कुठलं? तर म्हणाली, तुम्हाला माहीतच आहे की. वर न बघता, अगदी सहज. बाजारातून काय आणायचं ते माहीत आहे ना, इतक्या सहज. पुढं विचारायला हवं होतं. पण मी पुढं विचारणाऱ्यांतला नाही. मी म्हणालो, “हो हो,” आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग तीच म्हणाली, “येताय का बरोबर? नाहीतरी घरात नुसत्या येरझाऱ्या घालाल.”

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि चक्क डुलक्या घेऊ लागली. तिच्या आईचीही हीच तऱ्हा होती. आभाळ कोसळायला आलं की आधी एक झोप काढून घ्यायची. मी मात्र ताठ बसून होतो. या जागेला वयाची अट होती आणि ती अटीच्या अगदी काठावर होती; ही संधी हुकली तर सरकारी म्हणावी अशी कायमची नोकरी पुन्हा मिळणं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. टेलिफोन कंपनीतली बरी चाललेली नोकरी सोडून, भाचीच्या वयाच्या मुलींच्या शेजारी बाकावर बसून तिनं हे शिक्षण घेतलं होतं. लोक मला विचारत, “काय हो, हे मध्येच काय डोक्यात घेतलं पोरीनं?” मी हसून वेळ मारून नेई. पण कारण मला ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक आहे असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, आणि आज तिनंही त्यावर शिक्काच मारला. माहीतच आहे की.

आमच्या घराला मागच्या बाजूला एक खोली आहे. तिथं आता माझी पुस्तकं असतात, असं मी आल्यागेल्याला सांगतो. खरं म्हणजे ती खोली रिकामी राहिलेली मला बघवेना, म्हणून मी पुस्तकांनी ती बुजवून टाकली. माझी बायको तिथं वर्षानुवर्षं झोपून होती. मणक्याचं दुखणं, त्यात कमरेखालचं अंग गेलेलं. डॉक्टर म्हणाले होते, हॉस्पिटलात ठेवा. माझ्या थोरल्या बहिणीनं तर बजावलं होतं, “अरे, लहान पोर आहे घरात. तिच्या डोळ्यांदेखत हे नको.” मी बायकोला घरी आणलं. तो निर्णय होता, की निर्णय घ्यायचं टाळणं होतं, हे मला आजही सांगता यायचं नाही. मला फक्त आठवतं, मुलगी शाळेतून यायची, दप्तर त्या खोलीतच टाकायची आणि पुन्हा बाहेर जायची नाही. खाली पोरं खेळत असत, त्यांचा गलका वर येई. त्या खोलीला स्पिरिटचा, पावडरीचा आणि नीट न वाळलेल्या चादरींचा वास असे. कूस बदलायची वेळ झाली की चादरीची दोन टोकं मी धरायची आणि दोन टोकं तिनं. पलंगापलीकडं तिचं नुसतं डोकं दिसायचं, आणि ओठ घट्ट मिटलेले. “ओढू?” ती विचारायची. इतकी मोठ्या माणसासारखी विचारायची, की मी तिच्याकडं बघणं टाळायचो. बहिणीचं ऐकलं असतं तर, हे वाक्य मी तेव्हापासून किती प्रकारांनी पूर्ण करून पाहिलं आहे. मुलीनं लग्नाचं मनावर घेतलं नाही, ते त्या खोलीमुळं. ती चारचौघींत गप्प असते, ते त्या खोलीमुळं. सिनेमा अर्धा झाला की ती उठून पाय मोकळे करायला जाते, तेसुद्धा मी त्या खोलीच्याच नावावर मांडून ठेवलेलं. आणि शेवटी नर्सिंग. लहानपणी जिला एकच काम शिकवलं, ती मोठेपणी दुसरं काय करणार?

हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर मुलाखती होत्या. मोठ्या दालनाचे लाकडी पार्टिशन घालून दोन भाग केले होते. आत मुलाखत, बाहेर बाकडी. पार्टिशन छतापर्यंत पोचत नव्हतं. वर हातभर फट होती आणि त्या फटीतून आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. बाहेर बसलेल्या मुली जीव कानांत आणून ऐकत होत्या आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होत्या. आत तिघं असावेत. एक खर्जातला आवाज, तो डॉक्टरांचा. एक खोकत खोकत बोलणारा, तो ऑफिसातला कुणी. आणि एक बाईचा, कोरा, खडखडीत. “मेट्रनबाई,” माझ्या शेजारची मुलगी कुजबुजली आणि तिनं पदर सारखा केला. फरशी पुसणाऱ्या मावशी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालल्या होत्या. माझ्यापाशी थांबून त्यांनी मला न्याहाळलं. “आजोबा, तुमचा नंबर कितवा?”

“मी नाही. माझी मुलगी आहे.”

“मला वाटलं, तुम्हीच भरती होताय. हल्ली काही सांगता येत नाही बाई,” असं म्हणून त्या स्वतःच हसल्या, आणि सगळं बाकडं हसलं. माझी मुलगीही. मला बरं वाटलं.

आतून उत्तरं येत होती. एक मुलगी म्हणाली, रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा. तिच्यानंतरची म्हणाली, रुग्णाची सेवा म्हणजे देवाची सेवा. खोकणारे गृहस्थ म्हणाले, “हं, पुढं.” तिसरीला म्हणे लहानपणापासून आवड होती, बाहुल्यांना इंजेक्शनं द्यायची. मावशींनी फडकं पिळता पिळता मान हलवली. “ह्या बाहुल्या दर वर्षी येतात,” त्या मला म्हणाल्या. “मला विचारलं असतं ना, सरळ सांगितलं असतं. घरापासून जवळ पडतं म्हणून आले.” मी हसलो, पण माझा हात खिशातल्या कागदावर होता. माझी वाक्यं मला आता पाठ आठवत होती आणि ती बाहुल्यांहून फार वेगळी नव्हती. फक्त विरामचिन्हं जागच्या जागी होती. मनात म्हटलं, ती हे बोलणार नाही हेच बरं. आणि लगेच दुसरा विचार आला: हे नाही, तर मग ती ते बोलणार. तीन परक्या माणसांपुढं. एवढी मोठी फट ठेवून बांधलेल्या भिंतीआडून. ‘माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. माझं सगळं बालपण त्या खोलीत गेलं.’ तिनं आजवर मला असं एका शब्दानं म्हटलेलं नाही. आणि आज मला ते बाकड्यावर बसून ऐकायला लागणार होतं, तिला नोकरी मिळावी अशी प्रार्थना करत करत.

तिचा नंबर आला. ती उठली, पदराचं टोक कमरेशी खोचून पुन्हा सोडलं, माझ्याकडं बघून भुवया उडवल्या आणि आत गेली. मी ठरवलं होतं, ती आत गेली की आपण उठायचं आणि जिन्याशी जाऊन उभं राहायचं. जे माझ्यासाठी बोललेलं नाही ते ऐकू नये, एवढी सभ्यता माझ्यात आहे, निदान तोपर्यंत होती. पण मी उठतो न उठतो तोच मावशी ओरडल्या. “आजोबा, बसा, बसा! आत्ता पुसलंय. साबणाचं पाणी आहे. पडलात तर इथंच खाट द्यावी लागेल. पाय वर घ्या बघू.” मी मुकाट्यानं बसलो आणि दोन्ही पाय वर उचलून धरले. चहूकडं ओली, चकचकीत फरशी पसरली होती आणि मधोमध बाकड्यावर मी, होडीत अडकल्यासारखा.

आत नाव, गाव, शिक्षण झालं. मग खोकणारे गृहस्थ म्हणाले, “आधीची नोकरी चांगली होती की तुमची. मग नर्सिंगकडं कशा वळलात?”

तिनं खुर्ची पुढं ओढली, पुन्हा मागं सरकवली. त्या आवाजावरून मला कळलं की ती घाबरली आहे. बसमध्ये डुलक्या घेणारी माझी मुलगी घाबरली होती, आणि बापाला ते पार्टिशनच्या या बाजूला कळलं होतं. मग तिचा आवाज आला, पाठांतराचा, वरच्या पट्टीतला. “दुःखाच्या अंधारात, स्वल्पविराम, हातात दिवा घेऊन उभं राहणाऱ्या माणसाची जगाला नेहमीच गरज असते. पूर्णविराम. अशा वेळी—”

बाकड्यावरची एक मुलगी फिस्सकन हसली आणि तिनं तोंडावर रुमाल धरला. मग खर्जातला आवाज म्हणाला, “पूर्णविराम? इतक्यात?” आणि आतले तिघंही हसत सुटले.

ही माझ्याच घरची खोड. छापखान्यात आम्ही प्रुफं जोडीनं वाचत असू. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापील कागदावर नजर ठेवायची. आणि काही निसटू नये म्हणून वाचणारा चिन्हंसुद्धा बोलून दाखवायचा. बायको अंथरुणाला लागल्यावर मी प्रुफं घरी आणू लागलो, कारण तिला एकटं ठेवून जाणं होईना. मग हस्तलिखित तीच वाचायची, आडवी पडल्या पडल्या, कागद छातीवर उभा धरून. आजारी बाईला कामाला जुंपलं, असं माझी बहीण म्हणायची, आणि मला ते पटायचं. त्या खोलीत मोठ्यानं वाचणं म्हणजे चिन्हांसकट वाचणं, दुसरं वाचन आमच्या मुलीनं ऐकलेलंच नव्हतं. आज सकाळी तिनं माझा कागद तसाच म्हणून दाखवला होता, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी फक्त एक अनुस्वार दुरुस्त केला होता.

“कुणी लिहून दिलं?” मेट्रनबाईंनी विचारलं.

“बाबांनी.”

“काय करतात बाबा?”

“प्रुफं वाचायचे. आमच्याकडं सगळे असंच वाचतात. सॉरी मॅडम, तोंडातून निघून गेलं.”

“बरं. बाबांचं झालं. आता तुझं सांग.”

“माझी आई पुष्कळ वर्षं अंथरुणावर होती,” मुलगी म्हणाली, आणि मी डोळे मिटले.

“म्हणजे तिची सेवा करता करता तुम्हाला—” खोकणाऱ्या गृहस्थांनी वाक्य पुरवायला घेतलं.

“नाही हो. सेवा वगैरे नाही.” तिचा आवाज आता खाली आला होता, घरातला झाला होता. “आईची सेवा करतोय असं कुणाच्या लक्षातच यायचं नाही. ती कामावर असायची ना. बाबा प्रुफं घेऊन बसायचे, ती वाचायची, मी पलंगाच्या पायथ्याशी अभ्यास करायचे. आमचं सगळं घर त्या खोलीतच असायचं. बाकीच्या घरात कुणी जायचंच नाही, झोपायलासुद्धा. एकदा एक खुनाची कादंबरी आली होती. रोज थोडी थोडी. आणि नेमकी शेवटची पानं छापखान्यानं दुसऱ्याच कुणाला वाचायला दिली. खुनी कोण, कळलंच नाही! आई इतकी चिडली. मग जो कुणी खोलीत येईल त्याला ती सगळी गोष्ट सांगायची आणि विचारायची, बोला, खून कुणी केला? दूधवाल्याला विचारलं. आत्याला विचारलं. डॉक्टर तपासायला आले, त्यांनाही. ते स्टेथोस्कोप कानात तसाच ठेवून विचार करत बसले आणि म्हणाले, वकील. तपासायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी परत आले, तेव्हा म्हणाले, नाही, वकील नाही, मी रात्री विचार केला.”

“मग कोण होतं?” खर्जातल्या आवाजानं विचारलं.

“आई म्हणायची, बायको. पण बाबा म्हणायचे, बायका असं करत नाहीत. त्यावर आई इतकी हसली, की तिला ठसका लागला आणि आम्हाला तिला उठवून बसवावं लागलं.”

मी हे विसरलो होतो. असं कसं विसरलो? दूधवाला मला आठवला, दारात किटली घेऊन उभा, गंभीर चेहऱ्यानं म्हणत होता, “मला त्या माळ्याचा संशय येतो.” माझी बहीण आठवली, जी सहानुभूतीचा चेहरा करून आली होती आणि संध्याकाळपर्यंत साक्षीदारांच्या जबान्या तपासत बसली होती. आणि मी बायकोला धरून बसवतो आहे, तिची पाठ चोळतो आहे, आणि मीसुद्धा हसतो आहे, मुलगी पलंगावर लोळण घेऊन हसते आहे. प्रुफं तपासणारा मजकूर वाचत नाही, तो चुका वाचतो. कसलं सुंदर पुस्तक हाताखालून गेलं तरी त्याला काय आठवतं, तर अमुक पानावर एक वेलांटी ऱ्हस्व पडली होती. चादरींचा वास मी अजून सांगू शकतो. हसणं मी कुठं ठेवून दिलं होतं कोण जाणे.

“पण तुला त्रास नाही झाला? लहान होतीस,” मेट्रनबाई म्हणाल्या. खडखडीतपणा तोच होता, पण आता सावकाश बोलत होत्या.

“झाला ना. आई गेली तेव्हा खूप झाला. पण तो आई गेल्याचा. खोलीचा नाही.” “नंतर मी टेलिफोन कंपनीत लागले. तिथं काही वाईट नव्हतं. मग माझी एक मैत्रीण अपघातात सापडली, तिला बघायला आम्ही सगळ्या हॉस्पिटलात गेलो. आल्या आल्या सगळ्यांचे आवाज खाली गेले, चेहरे लांब झाले, आणि थोड्याच वेळात एकेकीला कामं आठवायला लागली. मी बसूनच राहिले. शेजारच्या खाटेवरच्या आजी होत्या, त्यांच्याशी गप्पा मारल्या. भेटायची वेळ संपली तरी उठले नाही, सिस्टरांची बोलणी खाल्ली. घरी जाताना लक्षात आलं, की मला तिथं करमत होतं. दुसऱ्या कुठंच मला इतकं करमत नाही. लोकांना आजारी माणसाच्या खोलीतून कधी एकदा बाहेर पडतो असं होतं. मला तिथं करमतं. आता हे कारण म्हणून चालेल का, मला माहीत नाही. पण हेच आहे.”

मी पाय खाली सोडले. केव्हापासून ते वर धरून बसलो होतो आणि मांड्या भरून आल्या होत्या, हे मला तेव्हाच कळलं. “अहो आजोबा, पाय!” मावशी कुजबुजत ओरडल्या. माझ्या चपलांचे दोन ठसे ओल्या फरशीवर उमटले होते. मी त्यांच्याकडं बघून हात जोडले, आणि मला एवढं हसू येत होतं की शेजारच्या मुलीनं मला आपली पाण्याची बाटली देऊ केली. मी ती घेतली आणि निम्मी संपवली. घशाखाली पाणी गार गार उतरत गेलं. छातीत कुठंतरी वर्षानुवर्षं आवळून धरलेली मूठ असावी आणि ती आपोआप सुटावी, तसं झालं. मूठ उघडून बघितली तर आत काहीच नव्हतं. माझ्या बहिणीचं ऐकलं असतं तर. त्या वाक्याचा पुढचा भाग आज पहिल्यांदा मला सुचेना.

आत बरंच काय काय विचारलं गेलं. ड्यूटीच्या पाळ्या, वजन उचलता येईल का, ताप, नाडी, सलाइन. ती पटापटा सांगत होती, एकदा अडखळली, “हे नक्की माहीत नाही मॅडम, बघून सांगेन,” म्हणाली. मेट्रनबाई म्हणाल्या, “न बघता सांगणाऱ्यांपेक्षा बरं.” खोकणाऱ्या गृहस्थांनी वयाचा मुद्दा काढला, अटीत बसतं, पण जेमतेम, असं काहीसं. त्यावर मेट्रनबाई म्हणाल्या, “जेमतेम बसतं म्हणजे बसतं.” मग खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. “सोमवारी सगळे मूळ दाखले घेऊन यायला सांगितलंय,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे झालं, बाबा. नंतर पत्र वगैरे येईल, पण मेट्रन म्हणाल्या, बूट पांढरे घे, आणि मऊ घे, पहिल्या महिन्यात रडशील नाहीतर.” ती माझ्या शेजारी धपकन बसली. “केवढा वेळ लागला. कंटाळलात ना?”

“छे,” मी म्हणालो. “चांगलं करमलं मला.”

मग तिनं मान वर करून पार्टिशनकडं पाहिलं, वरच्या फटीपर्यंत नजर नेली आणि तिथून ती सावकाश माझ्यावर आणली. आत पुढच्या मुलीला तोच प्रश्न विचारला जात होता.

“सगळं ऐकू येत होतं?”

“स्पष्ट.”

“ते सुरुवातीचंसुद्धा?”

“तेसुद्धा.”

तिनं कपाळाला हात लावला आणि खांदे हलवत बिनआवाजी हसू लागली. आता मी तिला विचारू शकलो असतो, की सकाळी ‘तुम्हाला माहीतच आहे’ असं कशाच्या बळावर म्हणालीस. पण तिला खरंच तसं वाटत होतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, की त्या खोलीत आम्ही तिघंही एकाच गोष्टीत होतो, आणि बाबांना ते ठाऊक नसणं कसं शक्य आहे? तिचा तो समज मोडायचं मला काही कारण दिसेना. तसंही आता तो खरा होता.

“मग?” डोळे पुसत ती म्हणाली. “माझ्या उत्तरात चुका किती निघाल्या?”

मी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, सवयीनं.

“बघायच्या राहिल्या,” मी म्हणालो.